चटणीतलं मीठ

बाबा, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. तुझ्या तेराव्याला सगळे म्हणाले, आता सोडून दे. मी मान हलवली, सोडलं काही नाही. आत्ता खारघरच्या फ्लॅटमध्ये माझ्यासमोर चटणीचा डबा आहे. लष्करी प्रशिक्षणाला गेलेल्या माझ्या लेकीला तो आज पाठवायचाय. झाकण लावायच्या आधी मला तुझ्याशी भांडून घ्यायचंय.

मी लष्करात भरती झालो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. केंद्रात दिवसभर पळापळ, उस्तादांच्या शिव्या, पायाला फोड, आणि पंधरवड्याला घरून येणारं पार्सल. आईची सुक्या जवळ्याची चटणी उस्ताद उघडून बघायचे आणि वासाने नाक धरून परत द्यायचे. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून सोबतचं पत्र तू लिहायचास. ‘आई म्हनते, पायाला तेल लाव. आई म्हनते, कुनाशी भांडू नको.’ तुझ्या त्या ‘न’ला बराकीतले देशावरचे लोक हसायचे, मी मात्र त्या ओळी तिच्याच आवाजात वाचायचो. मग सातव्या आठवड्यात आईला कावीळ झाली आणि दहा दिवसांत ती गेली. मला तार नाही, फोन नाही. अग्नी चुलतभावाने दिला. आणि ठरल्या दिवशी पार्सल आलं, पत्रही आलं. ‘आई म्हनते, तब्येत सांभाळ.’

त्या चटणीत मीठ इतकं होतं की जीभ भाजली. चुलीकडे कधी न फिरकलेल्या माणसाचं काम ते, पण मला काय ठाऊक? मी तुकडीतल्यांना डबा दाखवून हसलो आणि पत्रात लिहिलं, ‘आई, लक्ष कुठंय तुझं? चटणी आहे की मिठागर?’ पुढच्या डब्यात मीठ बरोबर होतं. त्याच्या पुढच्यातही. इतकी वर्षं मला हेच खुपतंय. तू मीठ सुधारलंस, बाबा. माझ्याच पत्रावरून तू तिच्या हातची चव उचललीस, आणि मी जिवंत नसलेल्या बाईला ‘आता कशी झकास झाली’ म्हणून शाबासकी पाठवत राहिलो.

प्रशिक्षण संपल्यावर कसम परेडला तू एकटाच आलास, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आई कुठंय विचारलं तर म्हणालास, “आदी खाऊन घे.” मी तीन जिलब्या खाल्ल्या. तू समोर बसून बघत होतास. मग सांगितलंस, एका दमात, आणि वर म्हणालास, “तू आला आसतास त परत गेला नसतास. मागच्या तुकडीत टाकला आसता तुला.” तुझं म्हणणं खोटं नव्हतं, मी खरंच परत गेलो नसतो. पण ते ठरवणारा तू कोण? गावात सगळे म्हणायचे, काय काळजाचा बाप! तू ते ऐकून गप्प बसायचास, आणि मला तुझं ते गप्प बसणं त्या कौतुकापेक्षा जास्त लागायचं. पुढे पंधरा वर्षं नोकरी केली, सुट्टीवर घरी आलो की तुझ्याशी कामापुरतं बोललो. तू गेलास तेव्हा मात्र मला फोन, निरोप, सगळं वेळेवर मिळालं.

लेक निघाली तेव्हा तिला ही गोष्ट सांगितली, मिठासकट. शब्द दिला की घरात बरंवाईट काहीही झालं तरी तिला त्याच दिवशी कळेल. ती म्हणाली, “पप्पा, प्रॉमिस हां. मला तसलं काही नको.” आता तिचा अकरावा आठवडा आहे. गेल्या गुरुवारी तिच्या आईचं ऑपरेशन झालं. छातीतली गाठ काढली, रिपोर्ट यायचाय. बायको खाटेवरून म्हणाली, “तिला सांगाल तर बघा. सगळं टाकून येईल ती.” रविवारी फोन आला. लेकीला दहा मिनिटं मिळतात. तिने विचारलं, मम्मी कुठंय? मी म्हटलं, सीवूड्सला गेलीय, मैत्रिणीबरोबर. तिने पुन्हा विचारलं, सगळं ठीक ना? आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, “सगला बरा हाय.” ती हसली. “आज एकदम आगरी काय बोलताय पप्पा?” मी घरात असं कधीच बोलत नाही. तो तू होतास. फोन ठेवल्यावर मला स्वतःची आणि तुझी सारखीच किळस आली.

बायकोचा हात अजून वर होत नाही, म्हणून चटणी आज मी केली. जवळा भाजला, लसूण-मिरची कुटली, ती बाहेरच्या खोलीतून सांगत होती तसं. चव घेतली, अगदी तिच्या हातची झाली होती. मग ती बघत नाही असं बघून मी बरणीतलं मूठभर मीठ वरून टाकलं आणि कालवलं. लेकीला गोष्ट माहीत आहे. पहिल्याच घासाला तिला कळेल, आणि पुढच्या रविवारी ती विचारेल तेव्हा मला खोटं बोलता येणार नाही. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून हाताने सांगतोय.

मीठ कालवता कालवता हात थांबला, बाबा. तू चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून ते कुठल्या मिठागरातलं ते सांगायचास. जेवणात कणभर कमीजास्त झालं तरी आईला ओळखून दाखवायचास. मग त्या पहिल्या डब्यात तुझा हात चुकला कसा?

राग अजून आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, डब्याखाली घालायलाही नको, लेक वाचेल. पण एवढं कबूल करतो. तू सांगितलं होतंस. मी हसलो होतो.