आधीचे तीन, नंतरचे तीन आणि चष्मेवाले

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार घालणारच होते, पण गुडघे म्हणाले कागदावरच घाला. तेव्हा कागदावरच घातलाय, गोड मानून घ्या. तुमचा दमा कसा आहे? भाऊजी अजून रिकामा कप बशीवर आपटून दुसरा चहा मागतात का? इथे आम्ही सगळे मजेत, एक तुमचा भाचा सोडून. तो माझ्याशी बोलत नाही. काय झालं ते तुम्हाला दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच लावून सांगते. (हे पत्र मोठ्यानं वाचू नका. शेजारीण भिंतीला कान लावून असते म्हणून तुम्हीच मला सांगितलंत. ते तुम्हाला कसं कळलं, हे मी विचारलं नव्हतं.)

त्या घंटेच्या पिक्चरचे तीन भाग आठवतात ना? एक नावाडी असतो, त्याच्याकडे शापाची घंटा येते, आणि ती एकदाही वाजू न देता डोंगरापलीकडच्या तळ्यात नेऊन बुडवायची असते. वाजली की मेलेलं सैन्य उठणार. तुमच्या भावानं मला तिन्ही भाग थिएटरात नेऊन दाखवले होते. दुसऱ्यात नावाडी घंटा पोटाशी धरून सैन्याच्या मधून चालतोय, अख्खं थिएटर श्वास रोखून बसलंय, आणि नेमके तेव्हाच हे घोरायला लागले. पुढचा माणूस वळून म्हणाला, "काकू, आधी यांना बुडवा." मी इतकी हसले की बाहेर जावं लागलं. घरी येताना हे मलाच विचारतात, मग घंटेचं काय झालं? असा माणूस, वन्सं.

तर आता इतक्या वर्षांनी त्याच मंडळींनी आणखी तीन भाग काढलेत, आणि त्यात गोष्ट आधीची. घंटा कुणी ओतली, का ओतली, नावाड्याच्या आजोबांनी कुणाशी भांडण केलं. मला हे दाखवले आमच्या इमारतीखालच्या चष्मेवाल्यांनी. (बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस सज्जन. समोरच्याला धूसर दिसत असणार असं धरूनच सावकाश बोलतात.) मी गेले होते नंबर तपासायला. भिंतीवरची अक्षरं वाचून वाचून कंटाळले, म्हटलं, याच्यापेक्षा काहीतरी गोष्ट असलेलं लावा हो. पुढच्या रविवारी बघते तर तपासायच्या काळोख्या खोलीत त्यांनी मोठा पडदा लावलेला! मी डोळे तपासायच्या खुर्चीत, ते स्टुलावर. खुर्चीला खाली पायडल आहे, दाबलं की वर जाते. लढाई लागली की माझा पाय आपोआप दाबला जातो, त्यामुळे प्रत्येक लढाई मी छताजवळून पाहिली.

पहिलं भांडण झालं ते कुठून सुरू करायचं यावर. त्यांचं म्हणणं, जे आधी घडलं ते आधी बघावं. मी म्हटलं, अहो, माणूस आधी आवडतो, मग त्याच्या आजोबांची चौकशी करतो आपण. न आवडलेल्या माणसाचे आजोबा कशाला हवेत? त्यांनी उठून जुना पहिला भाग लावला. (ऐकतात, वन्सं. तुमच्या भावानं उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाही, आणि त्यांच्यावरून जीव ओवाळला मी.)

आता खरं सांगायचं तर नंतरच्या तिन्हींना जुन्यांची सर नाही. जुन्यात चिखल होता, माणसं त्यात पडायची आणि तशीच उठायची. नव्यात चिखलालासुद्धा इस्त्री. गोष्ट एका शर्टाच्या कापडाएवढी, शिवलेत तीन शर्ट, त्यामुळे सगळ्यांच्या बाह्या आखूड. आणि तो घंटा ओतणारा म्हातारा! नट तोच, जुन्यात नावाडी झालेला. गोष्ट चाळीस वर्षं मागे गेलीय, हा अंगानं मात्र चांगला म्हातारा झालाय. डोंगर चढताना गुडघ्यावर हात टेकतो बिचारा. पोरं हसतात म्हणे त्याला. मला तर तोच आवडला. आधीच्यापेक्षा बरा नाही, पण म्हणून काय उठून जायचं? आणि एक गंमत, नवे बघताना जुने पुसले जात नाहीत. उलट जास्तच आठवतात. (मी पिक्चरबद्दल बोलतेय. तुम्ही लगेच भलतीकडे धावू नका.)

घोटाळा झाला पाचव्या भागात. एका डोळ्याचा राक्षस म्हाताऱ्याला चिरडायला निघतो. बाहेर बाकावर एक बाई नंबर तपासायला बसल्यात हे आम्हाला माहीतच नाही. मी छताजवळून ओरडले, "फोडा त्याचा डोळा! घाबरता काय, खुपसा आत!" बाई चप्पल टाकून पळाल्या. रस्त्यात बोंब झाली की चष्मेवाला एका गिऱ्हाइकाचा डोळा काढतोय. तुमचा भाचा धावत आला, दार लोटलं. तोवर पडद्यावर म्हातारा मेला होता, आणि आम्ही दोघं भिंगं पुसायच्या एकाच फडक्याच्या दोन टोकांनी डोळे पुसत होतो.

"आई! हे काय चाललंय?"

"पाचवा भाग," मी म्हटलं.

तेव्हापासून अबोला. जेवताना बायकोला म्हणतो, "आईला विचार, भाजी वाढू का." सून बिचारी मधे टपाल खातं झालीय. परवा तिच्याकडूनच निरोप आला, की खाली जाणं बंद करा, बाबांना काय वाटलं असतं. रागावले नाही मी. पोराला वाटतं, मी त्याच्या बापाला खोडून टाकतेय. मी सांगितलं तर पटणार नाही, तुमचं मात्र तो ऐकतो, लहानपणी तुमचा मार खाल्लाय म्हणून. तेवढं एक पत्र त्याला टाका, की म्हातारीला शेवटचा भाग बघू दे. बाकी काही मागणं नाही.

तुमची लाडकी (असं मीच ठरवलंय) वहिनी

ता.क. शेवटचा भाग काल बघून झाला. सुनेनंच याला सामान आणायला पाठवलं होतं. तेव्हा त्यासाठी पत्र टाकायची गरज नाही.

ता.क. दुसरा. पिक्चर संपल्यावर चष्मेवाल्यांनी विचारलं, आता रविवारी काय? मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं. लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार लागतात, वन्सं. माझ्या बाजूनं सही तुमची हवी. तुमच्या भावाच्या घरातलं माणूस शेजारी उभं असलं, तर पोरगाही हळूहळू येईल. तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाणार आहेच. पण मग मान खाली घालून जावं लागेल, आणि मान खाली घातली की माझा चष्मा पडतो.