आवाज बंद करून पाहिलेली मालिका

६ नोव्हेंबर, गुरुवार. अकोला

जीभ काढावी लागणार! डॉक्टरांनी आज दादाला स्पष्टच सांगितलं. थोडी नाही, जवळजवळ सगळी. वीस तारखेला नागपूरला ऑपरेशन. रागिणीवहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "ताई, मंग त्यायले बोलता नाही येणार म्हणतात." एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली.

गोपालदादा अमरावतीला भाजीबाजारात हर्रास बोलतो. सोळा वर्षं झाली. त्यानं संत्र्याचा लिलाव पुकारला की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही भाव कळतो. आणि त्याचीच जीभ!

तंबाखू-सुपारीचा तो खर्रा. दुसरं काय असणार? किती पुड्या नालीत फेकल्या मी, किती भांडले. "तुह्या बापाचं खातो काय वं?" म्हणायचा, आणि मग स्वतःच खो खो हसायचा, कारण बाप दोघांचा एकच. आज त्या हसण्याचाही राग येतो आहे. नुसता राग राग!

ललित म्हणाला, "उद्याच्या गाडीनं जा." बरं म्हटलं.

७ नोव्हेंबर

गेले नाही. ऑफिसात काम आहे म्हणून ललितला सांगितलं. नवऱ्याशी खोटं! काम कसलं, डोंबलाचं! भित्री आहे मी.

८ नोव्हेंबर, शनिवार

सापडली! मोबाइलवर उगाच काहीबाही शोधत बसले होते आणि एकदम समोर — 'बादलगढ के रखवाले'. जपानी मालिका, हिंदीत डब केलेली. कुणीतरी जुन्या कॅसेटींवरून सगळेच्या सगळे सव्वीस भाग टाकलेत. बावीस वर्षांनी पाहिली मी ती ढगातली किल्ल्याची भिंत.

आमचं घर म्हणजे एक खोली अन् एक सैपाकघर. बाबा एसटीत ड्रायव्हर, रात्रीची लांबची गाडी. सकाळी यायचे आणि दिवसभर झोपायचे, टीव्हीच्या शेजारीच. मालिका लागायची दुपारी दोनला. आवाज शून्यावर! एक रेघ वाढवली की बाबा कूस बदलायचे आणि आई सैपाकघरातून डोळे वटारायची. मी आठ वर्षांची, दादा चौदाचा. तो माझ्या कानाला तोंड लावून सगळ्यांचं बोलायचा, आणि बोलायचा ते आपल्या वऱ्हाडीत. एका डोळ्याचा राक्षस म्हणजे नत्थुमामा. ढगांची दुष्ट राणी म्हणजे लीलाबाई — त्याच्या गणिताच्या बाई! म्हातारं कासव वलगावच्या बाजारातले वांग्याचे भाव सांगायचं. आणि लाल झग्यातली, तलवार घेतलेली पोरगी म्हणजे मी. सव्वीस भाग असे पाहिले. हिंदीतलं एक अक्षर कधी कानावर पडलं नाही.

आज आवाज लावून पहिला भाग पाहिला. राक्षस ओरडतो, "मैं तुझे भस्म कर दूँगा!" काय हे! नत्थुमामा तर तिथं म्हणायचा, "काहून वं पोरी, जेवली का?"

दहा मिनिटांत बंद केलं. ही ती मालिकाच नाही. ती मालिका फक्त दादाच्या तोंडात आहे. आणि वीस तारखेला —

उद्या पहिल्या गाडीनं जाते.

९ नोव्हेंबर, रविवार. अमरावती

दादाचा गाल उजवीकडून सुजलाय. बोलतो जरा जड, पण बोलतो. मला पाहून म्हणाला, "आली का वं दामे? रडाले आली असशील त भायेरच रड, घरात आधीच लय वल झाली." मेला! हसू आणि रडू एकदमच आलं.

दुपारी मी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, मालिका लावली, आवाज शून्यावर केला. दुसरा फोन रेकॉर्डिंगला. म्हटलं, "दादा, बोल." त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "मले काय आता आठवते का?" म्हणाला. राक्षस आला. दादानं घसा खाकरला. "काहून वं पोरी, जेवली का?"

तोच! तोच आवाज, फक्त कानात न बोलता मोठ्यानं. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. दोन भाग झाले. सव्वीसच्या सव्वीस करून घ्यायचे, अकरा दिवस आहेत. ऑफिसात रजा टाकली.

११ नोव्हेंबर

आणखी दोन. कासवानं आज वांग्याबरोबर तुरीचेही भाव सांगितले. दादा म्हणतो, "महागाई वाढली ना बाप्पा, कासवानं काय जुनेच भाव सांगाचे?" बाबा कोपऱ्यात बसून असतात. हसत नाहीत, उठूनही जात नाहीत. आई असती तर हसली असती.

१३ नोव्हेंबर

आज तीन भाग! एकदम साफ रेकॉर्डिंग.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वहिनीशी वाजलं. मी रेकॉर्डिंगला फोन लावत होते तर म्हणाली, "ताई, त्यायले जरा आराम करू द्या ना. दोन घास जाऊन नाही राह्यले." मी म्हटलं, "वहिनी, पाच दिवसांनी आरामच आराम आहे त्याला. मग तुम्हीच म्हणाल, एक तरी शब्द ठेवला असता." ती तोंड वळवून आत गेली.

वाईट बोलले. पण मला काय वाटतं ते कोणाला कळत नाही! तिच्याकडे लग्नानंतरच्या पंधरा वर्षांचा दादा आहे. माझ्याकडे तो चौदाचा आहे, माझ्या कानाशी, घामाचा वास येणारा, दुपारी दोनचा. तो दादा आणखी कोणाजवळ नाही. तो गेला तर कुठं शोधू?

एकच भाग झाला आज. मधेमधे थांबून थंड पाणी तोंडात धरून बसत होता. दुपारचं ऊन अजून तापतं म्हणा.

१७ नोव्हेंबर

दोन. दुपारचा एक, संध्याकाळचा एक. हल्ली तो स्वतःच वेळ सांगतो. "चार वाजता लाव, आधी नोको." साहेबच झालाय! चारला बरोबर उठून बसला, उशी पाठीशी घेतली, आणि लीलाबाईला असं काही झोडपलं की मी पोट धरून हसले. कितीतरी वर्षांनी अशी हसले असेन. वहिनी दारात उभी होती. ती हसली नाही. हसेल कशाला, रागात आहे माझ्यावर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटचा दिवस. उद्या सकाळी नागपूर. दहा भाग झाले, सोळा राहिले. मी म्हटलं, "दादा, मधले सोडू, शेवटचाच घेऊ." अर्धा झाला आणि वहिनीनं दूध संपलं म्हणून सांगितलं. मीच धावत गेले, धावत आले. मग उरलेला अर्धा झाला. लाल झग्यातली पोरगी किल्ल्यावरून घरी निघते, नत्थुमामा हात हलवतो. लहानपणी तिथं दादा काय बोलला होता ते मला आठवत नव्हतं. आज म्हणाला, "जाय माय, जाय. पोचली का फोन कर."

२० नोव्हेंबर

सात तास. झालं ऑपरेशन. जिवंत आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार. नागपूर

नाकात नळी. गळ्याला भोक. डोळे तेवढे दादाचे. मी हात धरला तर त्यानं भुवया उडवल्या, म्हणजे काय, झालं का तुझं? मी हसले. बाहेर येऊन बसले आणि बसूनच राहिले.

हर्रासवाल्यांनी फोन केला होता. दादाच्या जागी दुसरा माणूस घेतलाय म्हणे. बाबांनी फक्त "बरं" म्हटलं.

३० नोव्हेंबर. अकोला

परत आले. कामात लक्ष नाही. फोनमध्ये दादा आहे, पण ऐकायची हिंमत नाही. ललित विचारतो, ऐकत का नाहीस? मी फोन चार्जिंगला लावून देते.

७ डिसेंबर

वहिनीला फोन केला, माफी मागितली. "जाऊ द्या ताई," म्हणाली. आणि नळीतून दूध द्यायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

१४ डिसेंबर, रविवार

आज ऐकलं. शेवटचाच भाग आधी लावला. दूध आणायला गेले तेव्हा रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. आधी चमच्याचा आवाज. मग बाबा — "एवढं दुखते त काहून बोलतं रे बाप्पा? सांग न तिले."

दादा, अगदी हळू — "नोको. गोळी घेतली का अर्धा घंटा निघते, तेवढ्यात एक भाग होते. तिले ते पाह्यजे, बाबा."

कण्हणं. बराच वेळ नुसतं कण्हणं. मग दार वाजतं, माझ्या चपलांचा आवाज येतो, आणि दादा मोठ्यानं — "आली का वं दामे? लाव, लाव, पुढचं लाव!"