खात्यावर अजून आजीच

ती. बाबा,

तुम्ही भिंतीपलीकडे दुपारची झोप काढत आहात आणि मी तिसऱ्यांदा तोच फॉर्म भरतो आहे. निवृत्तीचे सगळे पैसे ज्या खात्यात आहेत, त्याला नॉमिनी म्हणून अजून आजीच आहे. आजीला जाऊन अकरा वर्षे झाली, बाबा! उद्या तुम्हाला काही झाले, तर आईने कोणाकोणाचे उंबरे झिजवायचे? बँकेतल्या बाईंनी कौतुकाने विचारले, “आजींनी शंभरी गाठली असेल ना?” मी कपाळावर हात मारला.

तुमचे एकच पालुपद: “माझ्या आईचं नाव मी माझ्या हातानं खोडू?” आई तुमचीच री ओढते: “राहू दे रे, सासूबाईंना वाईट वाटेल.”

काल तणतणत कामावर गेलो आणि गोदामाच्या कार्यालयातून माझा स्वतःचा पीएफच्या नॉमिनीचा फॉर्म मागून घेतला. लग्नाला दोन वर्षे झाली, तरी त्यावर बायकोचे नाही, तुमचेच नाव आहे. पेन उघडले, पण हात चालेना.

म्हणून हे पत्र तुम्हाला देणार नाही. सोमवारी तोंडानेच सांगेन, चला माझ्याबरोबर. आजीचे नाव तुम्ही खोडा, तुमचे मी खोडतो.

तुमचाच,
धाकटा