शूटिंगसाठी दगडी बंगला मिळेल

१ जानेवारी १९९६
संकल्प : यंदा बंगला सिनेमात. कालव्याच्या इंग्रज इंजिनिअरने बांधलेला, आजोबांनी विकत घेतलेला. इंदापूर तालुक्यात असा दुसरा नाही. पुण्याच्या पेपरात जाहिरात दिली. द्वारका म्हणाली, आधी छपराची गळती काढा. बायकोला मार्केटिंग कळत नाही.

९ जानेवारी
डायरेक्टर आले! चारी बाजूंनी पार व्हरांड्यापर्यंत आपला ऊस. त्यातून फिरले, वा वा म्हणत राहिले. वीस फेब्रुवारीला शूटिंग नक्की. जाताना म्हणाले, काहीही बदलू नका. भिडस्त माणूस. उसामुळे बंगला रस्त्यावरून दिसतच नाही, हे तोंडावर कसं बोलणार?

१० जानेवारी
ऊस काढायचाच. साखर कारखान्याच्या यादीत आपली तोड मार्चमध्ये. त्याआधी शेजारच्या जोतीरामच्या तोडीचा नंबर. उद्या कारखान्यावर जातो. ओळखी कशासाठी असतात?

१९ जानेवारी
सात चकरा झाल्या. शेतकी ऑफिसरला भिगवणला नेऊन मासे खाऊ घातले. जोतीरामचा नंबर मला, माझा त्याला. जोतीराम तणतणत आला. म्हणाला, मानसिंगराव, माझा ऊस वाळतोय आन् तुमी नंबर पळवता व्हय? कलेसाठी त्याग करावा लागतो, असं समजावलं. पटलेलं दिसलं नाही.

४ फेब्रुवारी
शेवटची ट्रॉली गेली. बंगला आता एसटीतूनसुद्धा दिसतो! दिवसभर रस्त्यावर उभं राहून पाहिला. संवादांची प्रॅक्टिस सुरू. मालकाला छोटा रोल देतातच.

१८ फेब्रुवारी, दु. १२
डायरेक्टरांनी गाडीतूनच विचारलं, ऊस कुठाय? म्हटलं, तुमच्यासाठी काढला! खाली उतरून पायरीवरच बसले. उसातून चालता चालता अचानक बंगला दिसतो, सगळा सीन तोच होता म्हणे. त्यांचा असिस्टंट जोतीरामच्या शेताकडे बघत होता. तिथं ऊस उभा आहे.

२२ फेब्रुवारी
जोतीरामच्या उसात प्लायवुडचा बंगला बांधतायत. माझ्याच बंगल्याचे फोटो बघून! म्हणजे तसं पाहिलं तर सिनेमात माझाच बंगला. द्वारकेला हे समजावलं. ती पदराआड हसत होती.

२५ फेब्रुवारी
शूटिंग जोरात. जोतीरामला रोल मिळालाय. उसातून येऊन 'पाव्हनं आलं' एवढंच म्हणायचं. मी कितीतरी चांगलं म्हटलं असतं.
सकाळी युनिटचा मॅनेजर आला. आजच्या दिवस बंगला द्याल का? खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. इस्त्रीचा सदरा घातला, दारं सताड उघडली.
प्लायवुडच्या बंगल्याला संडास नाही.
दुपारपर्यंत व्हरांड्यात रांग होती. जोतीरामही मेकअप करून आला. म्हणाला, मानसिंगराव, बादलीत पाणी हाय का न्हाय? मी भरून दिली.