तळ्याकाठचा बाक

रविवार, १८ जानेवारी

अकोल्याच्या अम्युझमेंट पार्कात झुल्यांमागचं बांबूखालचं तळं बुजवलं. तिथे आता नवा झुला होणार. आमचा बाकही उपटून टाकला. दर हिवाळ्यात मी आणि बायको सुमन त्याच बाकावर भाकर-ठेचा खायचो, बगळे पाहत बसायचो.

रागारागात मॅनेजरला विचारलं, "काहून बुजवलं तळं?"

"तिकडं कोनी येतच नव्हतं, भाऊ. मच्छर हायेत म्हनत सारे."

सुमननं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एक मच्छर नव्हता तिथे. गर्दी होऊ नये म्हणून नात्यात, गल्लीत, फुलबाजारात मीच मच्छर आहेत असं सांगत फिरलो. का? तर बाक रिकामा मिळावा.

परतताना सुमन एवढंच म्हणाली, "आता काय सांगसान लोकायले?"