पन्नासाच्या आत

ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

ताईचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद बिचारा मधे तोंड घालत नाही. दुसरी पास बाईचं अक्षर आहे, दमानं वाच.

आमची भिंगरी मनोऱ्यावर चढली! माझी नात ते चिअरलीडिंग शिकते, हे तुला ठाऊक आहेच. तुझी नात काडीही तेच शिकते म्हणा, पण तुमची जिम मोठी. परवाच्या स्पर्धेत सगळ्या पोरींच्या वर आमची भिंगरी. खाली तिघींनी तिचे पाय धरलेले, आणि इकडे मी शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरलेला. बाई सोशिक होती. नऊ संघ उतरले होते, आमचा नंबर नववा आला. पहिला अर्थातच तुमच्या जिमचा. काडी मला काही दिसली नाही. एकसारख्या वेण्या घातलेल्या वीस पोरी, त्यात मला कुठली ओळखू येतेय!

पण धाकटे, हा न्याय आहे का, तूच सांग. तुमच्याकडे तीनशे पोरी, त्यातल्या वीस वेचायच्या. आमच्याकडे छत्तीस, आणि त्यातल्या निम्म्यांचे अजून दुधाचे दात पडतायत. संघात बारा जणी, बदलीला कुणी नाही. एकीला आदल्या दिवशी ताप आला, तर कोचबाईंनी उभ्या उभ्या जिन्यात सगळ्यांच्या जागा बदलल्या. जिम म्हणजे तरी काय, मोटारींच्या गॅरेजवरची एक खोली. छत इतकं खाली की वर उभी राहणारी पोर मान वाकडी करते. पंखासुद्धा काढून ठेवलाय. त्या सवयीनं भिंगरी तिथल्या उंचच उंच सभागृहातही मान वाकडी करूनच उभी राहिली, जणू आभाळ डोक्याला लागतंय. परीक्षकांनी मार्क कापले.

कोचबाई म्हणाल्या, पुन्हा शेवटचा नंबर आला तर पोरी टिकायच्या नाहीत. दोन आयांनी मोठ्या जिमची चौकशी करूनही ठेवलीय. त्यांच्या पोरी गेल्या की मनोरा गेला, मनोरा गेला की जिमला कुलूप. भिंगरी तेव्हापासून घरात कोलांटी मारत नाही. सरळ चालते. मला ते बघवत नाही गं.

आता स्पर्धा भरवणारं मंडळ म्हणतंय की छोट्या जिमचा गट वेगळा काढावा का, सगळ्यांनी मत कळवा. आमच्या जिमचं मत मी सांगितलं आणि कोचबाईंनी लिहिलं, की मुंगी आणि हत्ती एका तराजूत घालून वर मुंगीला विचारायचं, का गं तुझं वजन कमी, हे बरं नव्हे.

आणि हो, मुख्य ते राहिलंच. सकाळी ती खोली मोकळी असते, म्हणून मी कोचबाईंना म्हटलं, आम्हा म्हाताऱ्यांनाही हातपाय हलवायला शिकवा. बघता बघता सतरा जणी झालो. त्यात आमच्या विहीणबाईसुद्धा, म्हणजे भिंगरीच्या आईची आई. कोचबाईंनी आमच्यासाठी वेगळी वही आणली होती. मी मुळीच ऐकलं नाही. म्हटलं, आमची नावं पोरींच्याच हजेरीपटात लिहा. दुसरीनंतर माझं नाव कुणी हजेरीत पुकारलं नव्हतं. आता रोज पुकारतात, आणि मी असा काही ‘हजर’ देते की खालचा गॅरेजवाला वर बघतो.

कळावे. लोभ जुनाच आहे, तो विटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

---

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. वि. वि. नववा नंबर आला तर चार पानं लिहिलीस. पहिला आला असता तर पोस्टमनला हमाल करावा लागला असता.

भिंगरीचं कौतुक आहेच, पण ताई, वेगळा गट मला पटत नाही. लहानपणी खेळताना तू मला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचीस, आठवतं? मी बाद झाले तरी बाद नाही, जिंकले तरी जिंकले नाही. सगळे माझ्याकडे बघून गोड हसायचे. मला तेव्हा तुम्हा सगळ्यांना चावावंसं वाटे. तेच तू आता नातीच्या पदरात घालतेयस. छोट्यांत पहिली आली तरी लोक म्हणतील, हो, पण छोट्यांत. त्यापेक्षा मोठ्यांत नववं येऊन पुढच्या वर्षी आठवं यावं, त्याला कणा लागतो.

आमच्या जिमला तीन सभागृहं आहेत, चार कोच आहेत, उड्या मारायला उसळती जमीन आहे. काडी रोज नेमानं जाते. बाकी सगळं ठीक.

गुडघ्याला जप. म्हातारपणी मनोऱ्यावर चढू नकोस. चढलीस तर मला आधी कळव, मी बघायला येईन.

लोभात काटकसर नको.

तुझी,
धाकटी

---

ता. २ मार्च

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद, पण आज जरा बसक्या आवाजात. वि. वि.

लिंबूटिंबू म्हणजे ज्याचं बाद होणं मोजत नाहीत तो. आमचं म्हणणं, आमचंही बाद होणं मोजा, पण बरोबरीच्यांशी. हे मी फार छान लिहिणार होते. पण आता लिहायला तोंड राहिलं नाही.

झालं असं, की मंडळानं वेगळा गट काढला! हजेरीपटावर पन्नास नावांपर्यंतची जिम छोटी, एक्कावन्नावं नाव आलं की मोठी. मी ऐकलं आणि आनंदानं गल्लीभर सांगत सुटले. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, ज्याला काही घेणंदेणं नाही त्या विमावाल्यालाही सांगितलं. भिंगरीनं तर बैठकीतून थेट स्वयंपाकघरापर्यंत कोलांट्या मारल्या. एक पातेलं गेलं. जाऊ दे.

चार दिवसांनी मंडळाचा कागद आला. आपली जिम मोठ्या गटात आहे, सदस्यसंख्या त्रेपन्न.

कोचबाई कागद हातात घेऊन बसल्या त्या बसल्याच. छत्तीस पोरींच्या त्रेपन्न झाल्या कुठून? मग त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. धाकटे, मला बेरीज येते. छत्तीस आणि सतरा त्रेपन्नच होतात.

कोचबाईंनी फोन करून सांगितलं की त्या सतरा जणी आज्या आहेत, त्या काही उड्या मारत नाहीत. पलीकडचा कारकून म्हणाला, नाव म्हणजे नाव, त्याला दात आहेत की नाहीत हे आम्ही बघत नाही. पट दुरुस्त करायला पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे.

भिंगरी पुन्हा सरळ चालायला लागली. नुसती जवळ बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

लोभ असू दे, आज त्याची गरज आहे.

तुझी,
ताई

---

ता. ६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. वि. वि. पत्र वाचून मी इतकी हसले की सूनबाई पाणी घेऊन धावत आली. पोरींची रांग वेगळी हवी, पण म्हाताऱ्यांची वही वेगळी नको! ताई, हे मंडळाला कळलं तर तुलाच अध्यक्ष करतील.

हसून झाल्यावर मात्र तुझं ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. रडत बसू नकोस. तीन नावं कमी केलीस की पन्नास होतात. सतरा जणींत तीन शहाण्या निघणार नाहीत का? कठीण आहे, पण बघ.

काडीचं विचारलं नाहीस ते बरं केलंस. तिचा स्पर्धेचा पोशाख अजून कोराकरकरीत आहे, एवढं सांगते आणि गप्प बसते.

लोभ चालू ठेव.

तुझी,
धाकटी

---

ता. ३० मार्च

चि. धाकटीस,

ताईचे दणदणीत आशीर्वाद! वि. वि. आधी नावांचं सांगते, मग स्पर्धेचं. मधेच खालचं वाचू नकोस.

मी सगळ्या जणींना बसवून म्हटलं, तिघींना नाव काढावं लागेल. एकदम सगळ्यांचे गुडघे बरे झाले. एक म्हणाली, माझा डावा हात आत्ता कुठे वर जायला लागलाय. दुसरी म्हणाली, मी एक दिवस चुकले नाही, चुकणाऱ्यांना काढा. तिसरीनं तर मला ऐकू येत नाही असा बहाणा केला, आणि चहा आल्यावर तिला बरोबर ऐकू आलं. मी कुणाला काय बोलणार? चूक माझी. मी कोचबाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि पहिली रेघ माझ्याच नावावर ओढली.

ते बघून विहीणबाई उठल्या. म्हणाल्या, मुलाकडच्यांनी नाव काढलं आणि मुलीकडचे बसून राहिले, असं उद्या कुणी म्हणायला नको. आणा तो हजेरीपट. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, उगाच शेफारतील. तिसरं नाव आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी स्वतःचं काढलं, पण अट घातली की रोजची हजेरी आता त्या घेणार. कोचबाई सुटल्या, बाकीच्या अडकल्या. उशीर झाला की मास्तरीणबाई दाराबाहेर उभं करतात.

मी आणि विहीणबाई हल्ली भिंतीलगत स्टुलांवर बसून नुसत्या बघतो. हात आपोआप वर जातात, त्याला आम्ही काय करणार?

आता स्पर्धा. कोचबाईंनी महिनाभर मनोऱ्याचा सराव खाली गॅरेजच्या अंगणात घेतला, वर मोकळं आभाळ. गॅरेजवाला रोज दोन गाड्या ढकलून जागा करून द्यायचा आणि मग कामधाम सोडून तोंड वर करून बघत राहायचा. छोट्यांच्या गटात पाच संघ होते. पोरी आत आल्या, कोलांट्या झाल्या, मनोरा उभा राहिला, आणि भिंगरी वर गेली. धाकटे, मान सरळ! हात सरळ! मला वाटलं, ही पोर एवढी उंच कधी झाली?

दुसरा नंबर आला. पाचांत दुसरा. आणि तू म्हणायच्या आधीच सांगते, मी कोचबाईंना मोठ्यांच्या गटातले मार्क विचारले. दोन्ही गट एकत्र धरले तर सहावे असतो. नववे नाही, सहावे! म्हणजे तुझ्या त्या कण्याचीही सोय झाली. ज्या दोन आया मोठ्या जिमची चौकशी करत होत्या, त्या आता कोचबाईंना विचारतायत की रोज एक तास जास्त घेतील का.

काडी कशी आहे? या वेळी मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले होते. वीसच्या वीस तोंडं नीट पाहिली. तुमच्या संघात ती नव्हती गं.

लोभ असू दे, आणि उत्तर खरं लिही.

तुझी,
ताई

---

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. वि. वि. खरं लिहायला सांगितलंस, लिहिते. दोन वर्षं झाली, काडी राखीव आहे. तीनशेतल्या पहिल्या चाळीसांत आहे, म्हणजे वाईट नाही. पण उतरतात वीसच. प्रत्येक स्पर्धेला ती पोशाख घालून, वेण्या घालून बाकावर बसते, टाळ्या वाजवते, आणि पोशाख न चुरगळता घरी येते. मी तुला तीन सभागृहं लिहीत होते, उसळती जमीन लिहीत होते. ती जमीन तिच्या पायाखाली कधी आलीच नाही, हे लिहायला माझं पेन वळत नव्हतं. तुला लिंबूटिंबूवरून एवढं बोलले, पण बाकावर बसवलेल्यापेक्षा लिंबूटिंबू बरा. तो निदान पळतो तरी.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, की आपल्याकडे अशी छोटी जिम आहे का. शोधली. चष्म्याच्या दुकानामागे आहे, उजेड कमी, पण कोच हसरी आहे. त्यांच्या पटावर एकोणपन्नास नावं होती. काडी पन्नासावी. पहिल्याच दिवशी तिला मनोऱ्याच्या खालच्या रांगेत उभं केलं. खांद्यावर कुणाच्या तरी पायाचा लाल वण घेऊन घरी आली आणि सगळ्यांना दाखवत सुटली.

कोचनं मलाही आग्रह केला, की आजी, तुम्ही सकाळी येत जा, नाव लिहून घेते. मी चप्पल घालायलाही थांबले नाही, हातात घेऊनच बाहेर पडले. म्हटलं, बाई, आमच्या घराण्यात एकदा झालं तेवढं पुरे.

पुढच्या हंगामात काडी छोट्यांच्या गटात उतरेल. म्हणजे भिंगरीसमोरच! तू बरोबर होतीस, हे मी एकदाच लिहिते आहे. कागद जपून ठेव.

लोभ आता दुप्पट कर.

तुझी,
धाकटी

---

ता. १० एप्रिल

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद, आणि काडीला पाठीवर एक थाप. वि. वि. पत्र वाचून डोळ्याला पदर लावला. विहीणबाईंना वाचून दाखवलं, त्यांनीही लावला. पोरीचा पोशाख एकदाचा मळू दे गं.

मी बरोबर होते, हा कागद मी दिवसभरात तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. तुमच्या पटावर पन्नास. आमच्या पटावरही पन्नास. मंडळ म्हणणार, झाले की सारखे! पण धाकटे, आमच्या पन्नासात चौदा म्हाताऱ्या आहेत. खेळणाऱ्या पोरी छत्तीसच. तुमच्या पन्नासात एक तरी म्हातारी आहे का? नाही. सगळ्याच्या सगळ्या उड्या मारणाऱ्या, आणि वर आमच्याच घरची, मोठ्या जिममध्ये दोन वर्षं तयार झालेली काडी. ही कसली बरोबरी? हा तर उघड उघड हत्ती!

तेव्हा मी आजच कोचबाईंना बसवून मंडळाला पत्र लिहायला घेतलं आहे, की छोट्यांतल्या छोट्यांचा आणखी एक वेगळा गट काढावा. मर्यादा छत्तीस. आणि मोजताना म्हाताऱ्या वजा कराव्यात.

लोभ आहे तसाच राहू दे. फक्त स्पर्धेच्या दिवशी पलीकडच्या रांगेत बस.

तुझी,
ताई