किटलीतला हिरवा रंग

चहाच्या किटलीतून कुणी ऑइलपेंट नेतं का, आबा? एकोणीस वर्षं हे विचारायचं राहिलंय. तुम्ही पेंटर होता. रंग एकदा भांड्याला लागला की ते भांडं चहाला मेलं, हे तुम्हाला सांगायला नको. तरी दसऱ्याच्या दिवशी, आपल्या रहाटणीच्या अंगणात, फोरमनसाहेबासमोर तुम्ही म्हणालात, "पोरीनं आणला असंल किटलीतनं. कॅन्टीनला हाय ती." पक्कं सुद्धा म्हणाला नाहीत, असंल म्हणालात. मला चोर ठरवायला तेवढं पुरलं. आता तक्रार आधी झाली, नमस्कार राहू द्या. तुम्ही कसे आहात हेही विचारत नाही. चौदा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तिकडचं तिकडं.

लिहायला बसले कारण तुम्ही त्या हिरव्यानं रंगवलेला ट्रॅक्टर माझ्या दारात उभा आहे. तुमच्या धाकट्यानं टेम्पोत घालून इथं पुनावळ्याला आणला. मी आता लेकीकडंच असते. धाकट्यानं चिंचवडला कॉलनीच्या रस्त्यावर रोपांची नर्सरी काढलीय. फाटकाशी ट्रॅक्टर मांडायचा, मागं तुमचा फोटो, आणि बॉनेटवर 'आबांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरं. मला म्हणाला, "आक्का, घासाईला तुझ्यासारखा हात कुणाचा न्हाई. फकस्त रंग तोच लाव, आबांचा हिरवा." मी म्हटलं, तो हिरवा बाजारात मिळत नाही. तर हसून म्हणतो, "कुठं मिळतो ते तुला ठाऊक हाय की." जावई पण हसला. माझी नात उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "आजी, कुठं मिळतो?" भावाचं हसणं मी एकोणीस वर्षं गिळलं. त्या पोरीचं विचारणं काही गिळवेना.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. मी सासर सोडून लेकीला घेऊन तुमच्या घरी राहत होते आणि तुमच्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा वाटत होते. दिवाळीला पर्मनंट करतो म्हणाले होते. साहेबाच्या बंगल्याची हिरवळ कापायला विलायतेहून आलेला तो ट्रॅक्टर कंपनीनं भंगारात काढला आणि तुम्ही घेऊन आलात. केवढासा तो, ट्रॅक्टरचं वासरू म्हणायचे लोक. तुम्हाला भाजीच्या मळ्यात चालवायला हवा होता, पण आधी रंगवायचा. अजून दिसतं मला. तुम्ही शिफ्टवरून येता, सायकल भिंतीला टेकवता, जेवणाचा डबा माझ्या हातात देता. वरच्या कप्प्याला चटणीचा वास, खालच्याला टर्पेंटाइनचा. खालच्यात कंपनीचा हिरवा, मशिनींना देतात तो. पोपटी नाही, शेवाळी नाही, मधलाच. तिथल्या पिंपात तो तुम्ही स्वतः कालवायचा, म्हणून तुम्हाला तो तुमचाच वाटायचा. चुलीजवळ बसून आई सगळं बघते, आणि राखेनं डबा घासायला घेते.

पत्रा मी घासला. तुम्ही खाटेवर बसून सांगायचा, "पाणी मार, मग घास. कोरडं घासशील तर वरखडं पडतील." एकदा कोरडं घासलं तर लाकडी ठोकळा बोटांवर हाणलात. नख काळं पडलं, पण हात वळला, हे नाही म्हणत नाही. खड्ड्यांत लांबी भरली, पुन्हा घासलं, तांबडा प्रायमर दिला, आणि ढेकूण मारायच्या फ्लिटच्या पंपानं तुम्ही रंग उडवला. दोन दिवस घरातल्या भाकरीला त्याचा वास.

आणि मग एवढा हुशार माणूस तुम्ही, काय केलंत? दसऱ्याला तो ट्रॅक्टर अंगणात काढला, झेंडूची माळ घातली, आणि फोरमनला सोनं द्यायला घरी बोलावलंत. चोरीच्या रंगाचा धनी स्वतः घरी बोलावलात, रंग किती गुळगुळीत बसलाय ते दाखवायला. त्यानं बॉनेटवरून हात फिरवला. म्हणाला, "हा तर आपला रंग." तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. माझ्या पायांकडं बघून ते किटलीचं बोललात. आई चहाचा ट्रे घेऊन मधेच उभी होती. ट्रे हलला नाही, ती पण हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी किटली घेऊन मशीन शॉपमध्ये गेले तर एक म्हणतो, "आक्का, आज चहा कंच्या रंगाचा?" दुसरा म्हणतो, "जपून पी भावा, आतडी हिरवी व्हायची." तुम्ही चार मशिनी पलीकडं ब्रश धूत होता. तिसऱ्या दिवशी मला गेटवरून परत लावून दिलं. फोरमनला खरं कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण तसा पेंटर मिळायला वेळ लागतो, चहावाली उद्या मिळते. तुम्ही रिटायर होईपर्यंत राहिलात, हारतुरे झाले. मी पिंपरीच्या खानावळीत दुसऱ्यांच्या भाकऱ्या थापल्या, आणि लेकीच्या लग्नात सुद्धा एक म्हातारी माझ्या पाठीमागं म्हणाली, "तीच ना, रंगाची?"

तर या महिन्यात मी तुमचा हिरवा काढला. माशाची खवलं काढावीत तसा, पत्तीनं, कानाकोपऱ्यातून. गुडघे दुखले, पण जितकं निघत होतं तितकं मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग चिंचवडच्या हार्डवेअरवाल्या चाचांकडून पिवळा आणला. पिवळा म्हणजे आंधळ्या पेंटरचा रंग असं तुम्ही म्हणायचा, म्हणून पिवळाच. चाचा म्हणाले, "आक्का, दोन डब्यांची पावती कशाला?" मी म्हटलं, आमच्या घरात रंगाला पावती लागते. ती गादीखाली ठेवलीय.

बॉनेटवर अक्षरं मीच काढली. दुसरीपर्यंतची शाळा, वेलांट्या चुकल्या असतील. 'हिरवा रंग बापानं आणला होता. लेकीनं नाही.' नातीनं बोट लावून वाचलं आणि आत जाऊन जावयाला पण वाचून दाखवलं. तो बाहेर आलाच नाही.

आज सकाळी धाकटा आला. वाचलं, चप्पल काढली, पुन्हा घातली. म्हणाला, "आक्का, गिऱ्हाइकं वाचतील हे."

"म्हणून तर मोठं काढलं."

"पूस ते."

"टर्पेंटाइन तिथं हाय, फडकं तिथं हाय. तू पूस."

त्यानं फडकं उचललं. बॉनेटजवळ गेला, उभा राहिला. तुमचाच पोरगा तो, त्याचे पण कान तुमच्यासारखेच लाल होतात. मग फडकं खाली ठेवून म्हणाला, "आयेला ठाऊक व्हतं?"

मी फडकं उचलून डब्यावर ठेवलं. ट्रॅक्टर नेला नाही त्यानं, पण अक्षरंही पुसली नाहीत. नेईल किंवा गंजेल इथंच. नातीला आता कुणाला काही विचारावं लागणार नाही, माझं काम झालं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही. मडगार्डांना दुसरा हात राहिलाय, दिव्याच्या काचांवर रंग उडू नये म्हणून चिकटवायला कागद लागतोच, हाच लावीन. त्याआधी एक सांगून टाकते. रंग चाकांना पुरला नव्हता. तेव्हा "आबा, आणखी एक डबाभर आणा, चाकं उघडी बरी दिसत नाहीत," असं मीच म्हणाले होते. ते बॉनेटवर लिहिलेलं नाही. जागा होती.

धाकट्यानं जे विचारलं त्याला तुम्ही काही बोलायचं नाही, तुमचं बोलून झालंय. आई पण आता तिथंच आहे तुमच्याजवळ. तिला म्हणावं ट्रे खाली ठेव, आणि उत्तर तिनं द्यायचं.